तळ्याखालचं जेवण

"मॅडम, एक विचारू का? अमेरिकेला हल्ली तळ्यातून जातात का?"

नीरजाबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. बालवाडीच्या फाटकाशी, एका हाताने कुणाच्या तरी पोराची बाटली सावरत त्या उभ्या होत्या आणि दुसऱ्या हाताने त्यांनी दीक्षाला पुढे केलं होतं. "वर्गात सांगत होती. पप्पा तळ्याखाली राहतात म्हणे. तिथलं जेवलं की माणूस तिथलाच होतो, आणि परत आलाच तर तो खरा नसतो. दोन मुलींनी आज डबा उघडला नाही. गोष्टी सांगाव्यात हो घरी, आम्ही कुठे नको म्हणतो? पण जरा वय बघून. आम्ही आपलं ससा-कासवावर भागवतो." कल्याणी "सॉरी मॅडम, बघते मी" असं म्हणाली, दीक्षाचं दप्तर हॅंडलला अडकवलं, तिला स्कूटीवर पुढे उभं केलं, आणि वारज्याच्या चौकापर्यंत आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला लाज वाटलेली नाही. वाटायला हवी होती. उलट पोटात काहीतरी उबदार हललं होतं, राखेवर फुंकर मारल्यावर आतला निखारा लाल व्हावा तसं. म्हणजे गोष्ट लागली. पोरीच्या अंगाला लागली. आज बुधवार होता आणि शनिवारी प्रज्ञेश अमेरिकेहून येणार होता, जवळजवळ तीन वर्षांनी, पंधरा दिवसांसाठी. सिग्नलला थांबल्यावर तिने सवयीने दीक्षाच्या कपाळाला तळवा लावला. गार होतं. दीक्षा समोरच्या ट्रककडे बघत म्हणाली, "आई, पप्पा येताना ओले असतील?" "बघू या की," कल्याणी म्हणाली. "आपण नीट बघायचं."

गोष्ट तिच्या आईची, ललिताबाईंची. त्या ती शिंगाडे सोलता सोलता सांगायच्या. डिसेंबरात उकडलेल्या शिंगाड्यांची काळी सालं काढून काढून त्यांची बोटं शाई सांडल्यासारखी व्हायची. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावाला मोठं तळं होतं. छप्पन साली त्यांचे वडील नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी घरातले सगळे देव सुपात घालून तळ्यात सोडून आले. ललिताबाई तेव्हा आठ वर्षांच्या. त्यांना वाटे, इतक्या घरांतले इतके देव खाली गेले म्हणजे आता तिथे वस्तीच झाली असणार, आणि वस्ती म्हटली की कामाला माणसं लागणारच. देव गेले ते गेले, त्यांचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही. गोष्ट तेवढी काठावर राहिली. एक माणूस शिंगाडे काढायला तळ्यात उतरतो, वेल पायाला विळखा घालते, तो खाली जातो. खाली गाव असतं. आपल्याकडे सकाळ होते तेव्हा तिथे रात्र पडते. रस्ते गुळगुळीत, घरं काचेची, कुणी कुणाच्या दारात जात नाही. काचेची घरं आईने सांगितली होती की आपण घातली, हे कल्याणीला आता सांगता आलं नसतं. त्या माणसाला तिथे चांगलं काम देतात आणि ताट वाढतात. तो जेवतो. जेवला की इकडची माणसं त्याला आठवतात, पण पाण्यातून दिसावीत तशी, हलती, कडा नसलेली. मग एक दिवस तो वर येतो. त्याच्या हिशेबी तीन दिवस झालेले असतात आणि इकडे तीन वर्षं. दारात बायको मीठ कालवलेला भात घेऊन उभी असते. जेवतोस का? नको, पोट भरलंय माझं. जेवतोस का? नको, पोट भरलंय. आणि इथे आई शिंगाडा सोलायची थांबायची. "मग तिनं काय केलं सांग बरं? तिसऱ्यांदा विचारलं. नुसतं विचारलं नाही, घास तोंडाशी नेला. तिसऱ्यांदा विचारायचंच असतं बाई. दोनदा तर परकंही विचारतं." त्या तिसऱ्या घासाबरोबर त्या माणसाच्या डोळ्यांतून, नाकातून, कानांतून तळ्याचं सगळं पाणी वाहून जाई आणि तो पुन्हा घरचा होई, आणि आई सोललेला पांढरा शिंगाडा कल्याणीच्या तोंडात घाली.

दीक्षाला सांगताना कल्याणीने तो तिसरा घास काढून टाकला. पहिल्या वेळी ठरवून नाही. संध्याकाळी सातला ती पोरीला वरणभात भरवत होती, गोष्ट दुसऱ्या "पोट भरलंय"पाशी आली आणि तिचं तोंड आपोआप मिटलं. दीक्षाने विचारलं, "मग?" कल्याणी म्हणाली, "मग काय? बायकोने दार लावून घेतलं. तो त्यांच्यातला झाला होता ना." दीक्षा बराच वेळ घास गालात धरून बसली. गिळलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिने तीच गोष्ट मागितली, आणि तिसऱ्या दिवशीही, आणि मग कल्याणीने ती ठरवून तशीच सांगितली, आईच्या आवाजात, आईचं थांबणं जिथे होतं तिथे दाराची कडी लावून.

कारण प्रज्ञेशचं तिला पाठ होतं. प्रवासातून आल्याबरोबर तो कधी म्हणजे कधी जेवत नसे. साखरपुड्याला आला तेव्हाही ललिताबाईंनी वाढलेलं ताट त्याने हाताने मागे सारलं होतं, "नको आई, पोट भरलंय माझं", आणि तासाभराने स्वयंपाकघरात येऊन चोरून तीन पुऱ्या खाल्ल्या होत्या. तेव्हा तिला ते किती गोड वाटलं होतं! पुऱ्या खाताना तो तिच्याकडे बघून ओशाळा हसला होता, ओठाला साखर लागली होती. तीच सवय आता तिने उचलून, धार लावून, पोरीच्या हातात दिली होती. आणि ती सवय तिकडे गेल्यावरही सुटलेली नसणार, याची तिला खात्री होती. बाकी सगळं सुटलं होतं.

तो गेला तेव्हा दीक्षा दीड वर्षाची होती. तीन महिन्यांचं काम. मग सहा. मग "आत्ता निघालो तर व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकेल गं." वाघोलीच्या कॉलेजात कल्याणी केमिस्ट्री शिकवत होती ते तिने सोडलं, दोन बस बदलून जायचं आणि पोरीला कुणापाशी ठेवायचं, सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या, घरात सासरे भीमराव तेवढे. मग तो गुरुवार. सकाळी साडेनऊला दीक्षाचा ताप डोक्यात गेला, डोळे वर फिरले, हातपाय ताठ झाले. कल्याणी तिला छातीशी धरून जिने उतरली, रिक्षात बसली, आणि दवाखान्याच्या दारातल्या पिवळ्या आयएसडी बूथवरून तिने त्याला चार वेळा फोन लावला. चारही वेळा एका बाईने इंग्रजीत सांगितलं की संदेश ठेवा. संदेश काय ठेवणार? अकरा तासांनी त्याचा फोन आला. "अगं रिलीज होतं, फोन सायलेंटवर होता. आता बरी आहे ना ती? मग झालं तर." मग झालं तर. हे तीन शब्द तिने कुणाला सांगितले नाहीत. भांडी घासताना, दीक्षाचं नख कापताना, बाल्कनीतून बायपासवरचे दिवे मोजताना ते तिच्या तोंडात बडीशेपेच्या काडीसारखे फिरत राहायचे. तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण मागच्या वर्षी नागपूरला आई गेली. तो आला नाही, येणार नाही हे ठाऊकच होतं. तिसऱ्या दिवशी दारात पोऱ्याने मोठा पुष्पगुच्छ आणून दिला, संगणकावरून मागवलेला, सेलोफेनमध्ये गुंडाळलेला, जर्बेराची फुलं, आणि वर कार्ड: गेट वेल सून. घरात बुद्धवंदनेला माणसं बसली होती. तिच्या मामींना इंग्रजी येत नव्हतं. त्या म्हणाल्या, जावयाला आठवण आहे हो, किती चांगली फुलं. कल्याणीने ते कार्ड ब्लाउजमध्ये खोचलं आणि पुण्याला येताना रेल्वेत ते काढून दर स्टेशनाला वाचलं. चुकीचा रकाना दाबला गेला असेल. घाईत असेल. रिलीज असेल. त्या दिवसापासून ती त्याला दर शनिवारच्या फोनवर तू म्हणायची थांबली. अहो, तुम्ही, जेवलात का. सासऱ्यांसमोर ती पहिल्यापासून अहोच म्हणे, एकांतात तू. आता एकांतातही तुम्ही. तिने वाट पाहिली, की तो विचारेल, हे काय नवीन? एक शनिवार गेला, दोन गेले, वर्ष गेलं. त्याला कळलंच नाही. तेव्हा तिने ठरवलं की त्याला एकदा दारात उभं करायचं. फार नाही. एक मिनिट. आपल्याच दारात, आपल्याच माणसाने न ओळखलेलं, कसं वाटतं ते त्याच्या अंगावरून जाऊ दे.

शुक्रवारी भीमरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. टेलिफोन खात्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस, शब्द मोजून टाकायचा. "कल्याणी, तू एम.एस्सी. ना? मग हे पाण्याखालचं गाव कुठल्या पेपरला होतं?"

"गोष्ट आहे बाबा. माझ्या आईची."

"ललिताताईंची गोष्ट मी ऐकलीय. तुझ्या लग्नात त्यांनीच सांगितली, हसत हसत. तिच्यात दार लावत नाहीत."

तिने भाजीतून वर पाहिलं नाही. मेथीची एक जुडी निवडून झाली होती, ती तिने पुन्हा निवडायला घेतली.

"आमच्या बापजाद्यांनी ते सगळं बुडवलं ते पोरांनी भिऊ नये म्हणून," भीमराव म्हणाले. "तू काठावर बसून परत वर काढतेस. आणि कुणासाठी काढतेस ते मला कळतं. लाइनीवर कोण कुणाला काय बोलतंय, ते न ऐकता कळायचं मला."

"मग त्यांना सांगा ना तुम्ही. वडील आहात."

"सांगितलं. दर शनिवारी सांगतो. तो म्हणतो, हो बाबा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तोही गेला कामाला, गंमत करायला नाही. एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं." आणि ते बाल्कनीत गेले. तिला क्षणभर वाटलं की आज सातच्या जेवणाला तिसरा घास परत घालावा. घालता आला असता. "अगं, मी सांगायचं विसरले, पुढे असं होतं की—" चार वर्षांच्या पोरीला तेवढं पुरलं असतं. ताट वाढलं, वरणभात कालवला, दीक्षा मांडी घालून समोर बसली, "आई, गोष्ट." कल्याणीच्या जिभेवर जर्बेराची फुलं आली, सेलोफेनचा चुरचुर आवाज आला. तिने दार लावलं. कालच्यापेक्षा जोरात लावलं.

शनिवारी सकाळी दहाला टॅक्सी आली. पहाटेच मुंबईला विमान उतरलं होतं. कल्याणी पहाटेपासून उपाशी होती; कशासाठी ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं. दीक्षाने स्वतःच वाटीत भात मागून घेतला, त्यावर चिमटीने मीठ घातलं, आणि पांढरा फ्रॉक घालून ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली. जिन्यावर बॅगांची चाकं आपटत वर आली. पहिल्यांदा दिसला तो त्याचा हात, घड्याळ नवीन, मग तो. कानशिलांवर केस पांढरे झाले होते. हे संगणकाच्या कॅमेऱ्यात दिसलं नव्हतं. तिला एकदम ओशाळी साखर आठवली आणि तिने ती आठवण पायाखाली दाबून धरली.

"जयभीम बाबा," तो वाकला. भीमरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो तिथेच राहिला. समोरच्या दारातून शेजारच्या राधावहिनी डोकावल्या. "आलात का? वा वा. आम्हाला वाटलं, फोटोच आहे तुमचा."

"अरे, आधी दोन घास खा," भीमराव म्हणाले, घाईघाईने, कल्याणीकडे न बघता. "पोरगी वाटी घेऊन उभी आहे."

"नको बाबा, विमानात दोनदा जेवलो. पोट भरलंय माझं."

दीक्षाची पाठ ताठ झाली. कल्याणीला ती मागून दिसत होती; मानेवरची बारीक लव, दोन वेण्यांमधला सरळ भांग. दीक्षाने वाटी दोन्ही हातांनी वर केली. "पप्पा, भात खाता?"

तो गुडघ्यावर बसला. डोळे लाल होते, झोपेचे असतील. "केवढी झालीस गं तू! नंतर खाऊ हं बेटा. पोट भरलंय."

दीक्षाने पुढे होऊन त्याच्या कानामागे बोट लावून पाहिलं. त्याने खालच्या नळावर तोंड धुतलं असणार. बोट ओलं झालं. ते तिने फ्रॉकला पुसलं. त्याने मान वर करून कल्याणीकडे पाहिलं, काही समजत नाही असं हसू होतं त्याच्या तोंडावर, आणि आता तिने विचारायचं होतं. अगदी सोपं होतं. दोन घास खाऊन घे रे. तेवढंच. भीमरावही तिच्याकडे बघत होते. ती हाताची घडी घालून उभी राहिली. तो उरलेली बॅग उचलायला जिन्याकडे वळला, भीमराव त्याच्या मदतीला दोन पायऱ्या उतरले, तेवढ्यात दीक्षाने वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी दार ढकललं. लॅच खट्कन बसलं.

बाहेर आधी हसणं झालं. "अगं ए! दीक्षा!" मग बेल. मग राधावहिनींचं "काय हो, घरात घेत नाहीत का?" मग पुन्हा बेल, लांब. कल्याणी जागची हलली नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहिलं. तिचं एक मिनिट चालू झालं होतं, तिने ते कधीपासून सांभाळून ठेवलं होतं, आणि ते तिला पुरं हवं होतं. दाराच्या पलीकडे आवाज बदलला. "बेटा, दार उघड. मी पप्पा आहे. दीक्षा, मी पप्पा." शेवटच्या शब्दाला तो घोगरा झाला, आत ओढल्यासारखा, आणि पुढे काही आलंच नाही. हेच. हेच पाहिजे होतं. चार वेळा फोन लावून ठेवल्यावर आपल्या घशात जे उरलं होतं ते आता त्याच्या घशात होतं. तिच्या अंगभर गोड थंडी पसरली. काटा पुरा फिरला. मग तिने दार उघडलं.

दुपारी तो सोफ्यावरच झोपला, बूट तसेच. तिकडे मध्यरात्र उलटली होती. त्याचा हात खाली लोंबत होता, तळवा उघडा. दार उघडल्यापासून टेबलाखाली बसलेली दीक्षा बाहेर निघून हळूहळू जवळ गेली आणि दोन हात अंतरावर बसून राहिली. किती वेळ! कल्याणी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. बघणं हे तिचं कामच होतं.

"आई," दीक्षा कुजबुजली, "पप्पा एकटेच असतात तिकडे?"

"हो."

"मग त्यांना सकाळी कोण उठवतं?"

"गजर असतो."

"ताप आला तर कपाळाला हात कोण लावतं?"

दीक्षाने उठून त्याच्या कपाळाला तळवा लावला, अगदी आईसारखा, आधी तळवा, मग बोटांची मागची बाजू. तो जागा झाला नाही.

पाच वाजता तो उठला आणि त्याने बॅगा उघडल्या. आतून एक परका वास आला, साबणाचा आणि पुठ्ठ्याचा. चकचकीत कागदांतल्या चॉकलेटांचा ढीग त्याने जमिनीवर केला, कल्याणीला एक स्वेटर दिला, दोन्ही हातांनी दिला. "तुम्हाला माझं माप आठवत होतं का?" ती म्हणाली. त्याने वर पाहिलं. "तुम्हाला कसलं? बाबा खाली गेलेत फिरायला." आणि मग तिच्या तोंडाकडे बघून तो पुढे बोलला नाही. कळलं बहुतेक. आज कळलं. दीक्षा ढिगापासून हातभर लांब उभी होती.

"हे तिकडचं आहे?" तिने विचारलं.

"हो. खास तुझ्यासाठी."

"हे खाल्लं की माणूस तिकडचा होतो ना?"

तो हसला. "कोणी सांगितलं?"

दीक्षाने कल्याणीकडे पाहिलं. गोष्टीतला एकही शब्द ती विसरली नव्हती, हे तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं. वेल, काचेची घरं, लावलेलं दार. मग ती खाली बसली, सोनेरी कागदातलं एक उचललं, कागद न फाडता उलगडला, आणि आईवरची नजर न काढता अर्धं तोडून तोंडात घातलं. चावलं. गिळलं. कडू औषध घेताना करते तसे डोळे घट्ट मिटले, उघडले, आणि सरकत जाऊन प्रज्ञेशच्या मांडीला टेकून बसली.

"आता मी पण तिकडची," ती म्हणाली. "आता पप्पा एकटे नाहीत."

प्रज्ञेशला काही कळलं नाही. त्याने नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, जपून, गरम भांड्यावर ठेवावा तसा. कल्याणीच्या हातात स्वेटर होता, त्याची बाही तिने इतकी पिळली होती की बोटं पांढरी पडली होती. दीक्षा उठली. उरलेलं अर्धं चॉकलेट तळव्यावर घेऊन ती खोली ओलांडून आली आणि टाचा उंचावून तिने ते कल्याणीच्या तोंडाशी नेलं.

"आई, तू पण खा. मग सगळेच तिकडचे."

सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. चॉकलेटचा वास नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं. पण त्या वासामागे तोच साबण होता, तोच पुठ्ठा, आणि त्याची नजर होती, वाट बघणारी, आणि त्याच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे सगळंच उघडायचं. "नको," ती म्हणाली. "पोट भरलंय माझं."

दीक्षाचा हात हवेत थांबला.

"आई, खा ना."

"नको म्हटलं ना. पोट भरलंय."

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं, आपल्याच आवाजात, आईच्या गोष्टीतल्या त्याच जागी. तिने स्वेटर सोडला. ओठ सैल केले, थोडं वाकलीसुद्धा, दीक्षाचा हात सहज पोचेल इतकी. आता. आता एकदा. दीक्षाने तिच्याकडे नीट पाहिलं, सकाळी दारात पाहिलं होतं तसं. मग तळव्यावरचा तुकडा सोनेरी कागदात पुन्हा गुंडाळला, चारही कोपरे दुमडले, आणि वळून पप्पांकडे चालू लागली. दोनदा विचारून झालं होतं. तिला गोष्ट तेवढीच ठाऊक होती.